हाडांची आठवड्याची गोळी आणि ॲसिडिटी: आधी सकाळचा तो अर्धा तास नीट लावा

मागच्या महिन्यात आमच्या दुकानात एक काकू चार गोळ्यांची स्ट्रिप घेऊन आल्या, एक खाल्लेली, तीन शिल्लक. म्हणाल्या, "ही परत घे गं बाई, मला नाही झेपत, छातीत नुसती जळजळ." बघितलं तर ॲलेंड्रोनेट ७०. मी विचारलं काकू घेतली कशी, तर म्हणे उठल्या उठल्या चहाच्या दोन घोटांबरोबर, आणि गुडघे दुखत होते म्हणून परत जरा आडवी झाले. आता ही गोळी चुकीची घ्यायच्या जेवढ्या म्हणून पद्धती आहेत त्यातल्या तीन काकूंनी एकाच सकाळी करून दाखवल्या होत्या, पण त्यांची काय चूक, डॉक्टरांनी चिठ्ठीवर "आठवड्यातून एकदा, उपाशीपोटी" एवढंच लिहिलेलं आणि आमच्यासारख्या काउंटरवरच्या लोकांनी गर्दीत स्ट्रिप कापून हातात दिलेली.

मी फार्मसिस्ट आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे गोळी चालू करायची, बंद करायची की बदलायची हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण घरात माझी आई आहे, हाडांच्या घनतेच्या तपासणीतला टी-स्कोअर उणे २.९ (उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झाली असं म्हणतात), आणि ॲसिडिटी तर तिला माझ्या लग्नाच्याही आधीपासून. म्हणजे दुकानात जे बघते तेच घरी रोज निस्तरते. आणि इतक्या वर्षांत माझं मत असं झालंय की "गोळी सूट होत नाही" म्हणणाऱ्या बऱ्याच जणांना गोळीचा नाही, गोळीनंतरच्या अर्ध्या तासाचा प्रॉब्लेम असतो. तो आधी सुधारून बघायचा. आणि तो सुधारूनही जळजळ राहिली तर मग हट्ट करत बसायचं नाही, इंजेक्शनचा मार्ग आहे, तो विचारायचा.

गोळी जळजळ का करते

ॲलेंड्रोनेट, रिसेड्रोनेट, आयबँड्रोनेट ही सगळी एकाच घरातली भावंडं, बिस्फॉस्फोनेट म्हणतात. हाड झिजवणाऱ्या पेशींना ही औषधं आवरतात. प्रॉब्लेम पोटात गेल्यावर कमी, वाटेत जास्त. गोळी अन्ननलिकेत चिकटून राहिली किंवा विरघळून पोटातल्या आम्लाबरोबर परत वर आली, की आतलं नाजूक अस्तर सोलल्यासारखं होतं. अमेरिकेत १९९५ साली ॲलेंड्रोनेट बाजारात आलं आणि वर्षभरातच अन्ननलिकेला जखमा झालेल्या पेशंटचे रिपोर्ट छापून आले, त्यातल्या बऱ्याच जणांनी गोळी अगदी थोड्या पाण्याबरोबर घेतली होती किंवा घेऊन आडवे झाले होते. भरपूर पाणी प्या, झोपू नका ही ताकीद तेव्हापासून इतक्या जोरात द्यायला लागले.

आणि उपाशीपोटीच का? कारण ही गोळी अंगात लागते फारच थोडी, शंभरातला एक भागसुद्धा नाही. त्यात कॉफी किंवा संत्र्याच्या रसाबरोबर घेतली की त्या एकातलाही साधारण ६० टक्के कमी होतो, आणि दुधाच्या चहाबरोबर घेतली तर दुधातलं कॅल्शियम तिला धरून ठेवतं आणि गोळी सरळ बाहेर. म्हणजे काकूंनी छातीत जळजळ सोसली ती पण फुकट. एकदा हाडात जाऊन बसली की मात्र वर्षानुवर्षं तिथेच राहते, म्हणून तर आठवड्यातून एकदा घेऊन भागतं.

पहिली गोळी घ्यायच्या आधी डॉक्टरांना काय सांगायचं

नुसती ॲसिडिटी आहे म्हणजे ही गोळी चालणारच नाही असं नाही. पण अन्न गिळताना अडकतं, पूर्वी कधी दुर्बीण घातली होती आणि त्यात अल्सर, अन्ननलिका अरुंद झालेली, हायटस हर्निया (पोटाचा भाग वर छातीत सरकलेला) किंवा बॅरेट्स (आम्लाने अन्ननलिकेचं अस्तर बदललेलं) असलं काही निघालं होतं, हे सांगितलंच पाहिजे. जुना एन्डोस्कोपीचा रिपोर्ट कपाटात ठेवून हाडांच्या डॉक्टरांकडे जाणारे खूप लोक आहेत, त्यांना वाटतं तो पोटाचा, हा हाडांचा, काय संबंध. अन्ननलिका अरुंद असेल किंवा अकॅलेशिया (अन्ननलिकेचं खालचं तोंड नीट उघडत नाही) असेल तर तोंडावाटे घ्यायची ही गोळी देतच नाहीत. बॅरेट्स असेल तरी सहसा टाळतात. अर्धा तास सरळ बसता येत नसेल, म्हणजे पॅरालिसिस आहे, मणका इतका दुखतोय की बसवत नाही, तर तेही कारण पुरेसं आहे.

क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी), रक्तातलं कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी बघून घ्या. किडनीचं काम खूप कमी झालं असेल (रिपोर्टवरचा ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते तो आकडा, ३५ च्या खाली) तर ॲलेंड्रोनेट देत नाहीत. कॅल्शियम कमी असेल तर ते आधी भरून काढतात. आणि दात! एखादा दात काढायचा राहिला असेल तर तो आधी उरकून घ्या, या औषधांनी जबड्याच्या हाडाला इजा होणं फार क्वचित घडतं पण उगाच धोका कशाला.

ॲसिडिटी सध्या जोरात असेल, रोज करपट ढेकरा, रात्री आंबट पाणी घशाशी, तर डॉक्टरांना सरळ म्हणा की आधी ही शांत करू आणि मग गोळी चालू करू का. हाडं एका महिन्यात ढासळत नाहीत. (नुकतंच फ्रॅक्चर झालं असेल तर मात्र वेळ काढू नका, त्यांना ठरवू द्या.)

आता तो अर्धा तास

सुरुवात आदल्या रात्रीपासून होते. रात्रीचं जेवण आठच्या आत, हलकं. दुसऱ्या दिवशी गोळी आहे आणि आज रात्री साडेदहाला पावभाजी, तर सकाळी जळजळणारच आणि नाव गोळीचं होणार.

वार कुठला निवडायचा? आमच्याकडे हा प्रश्न मोठा आहे. सोमवार, गुरुवार, शनिवार यातला कोणाचा ना कोणाचा उपास असतो. गोळीनंतर अर्ध्या तासाने पोटात काहीतरी साधं खाणं गेलं की बरं असतं, आणि उपासाच्या दिवशी त्या जागी काय जातं, रिकाम्या पोटी दोन कप चहा आणि दुपारी दाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी. त्यामुळे उपास नसलेला वार घ्या. आईचा बुधवार आहे. बुधवारी संकष्टी किंवा एकादशी आली की ती गडबडायची, तर मी तिला सांगून ठेवलंय की गोळी बुधवारीच, साध्या पाण्याबरोबर, आणि त्या दिवशी सकाळी केळं नाहीतर राजगिऱ्याचा लाडू खायचा, देवाला चालतं.

पाणी साधं. बोअरचं जड पाणी नको, ज्या पाण्याने बादलीला पांढरा थर धरतो त्यात कॅल्शियम असतं. फिल्टरचं किंवा नळाचं उकळून गार केलेलं चालेल. लिंबू-मध, जिऱ्याचं पाणी, मेथ्यांचं पाणी, कोरफडीचा रस, हे सगळं नंतर. आणि किती पाणी, तर १८० ते २४० मिली. इथे एक गंमत सांगते, आईला मी "एक ग्लास भरून" सांगितलं होतं आणि ती इमानदारीत एक फुलपात्र भरून पीत होती. एक दिवस संशय आला म्हणून खोकल्याच्या औषधाच्या मापाने मोजलं तर ते फुलपात्र निघालं १४० मिलीचं, आणि वर दोन बोटं रिकामं ठेवायची तिची सवय. म्हणजे पोटात जायचं शंभरच्या आसपास! दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी मोठा स्टीलचा ग्लास काढला, आतून मार्करने खूण केली, आणि त्यानंतरच्या दोन-तीन बुधवारांत छातीतलं ते "काहीतरी अडकल्यासारखं" गेलंच. तुम्ही पण तुमचं भांडं एकदा मोजा, खरंच.

उठल्यावर चूळ भरायची, आधी एक घोट पाणी पिऊन घसा ओला करायचा, मग उभं राहून किंवा खुर्चीत ताठ बसून गोळी अख्खी गिळायची. चावायची नाही, तोडायची नाही, जिभेवर चघळायची नाही, तोंडातच फोड येतील. वरून सगळा ग्लास. अंथरुणात बसून अर्धवट झोपेत घ्यायची नाही, आणि रात्री झोपताना तर कधीच नाही.

मग मोबाईलवर तीस मिनिटांचा टायमर. (आयबँड्रोनेटची महिन्याची १५० ची गोळी असेल तर साठ मिनिटं.) या वेळात काय करू नये हे कोणी नीट सांगत नाही म्हणून सांगते. आडवं व्हायचं नाही हे तर झालंच, पण वाकायचं पण नाही. केर काढणं, लादी पुसणं, खाली बसून देवघर पुसणं, बादल्या उचलणं, सूर्यनमस्कार, कपालभाती, योगाच्या शेवटचं शवासन, हे सगळं त्या दिवशी नंतर. वाकलं की पोट दाबलं जातं आणि आतलं वर येतं. शिवाय हाडं ठिसूळ असताना कमरेतून खाली वाकणं मणक्याला तसंही वाईट. आई त्या अर्ध्या तासात गॅलरीत फेऱ्या मारते, झाडांना पाणी घालते, नाहीतर खुर्चीत बसून पेपर वाचते. डायनिंग टेबलाशी बसून मेथी निवडा, फोन करा, काहीही करा पण पाठ सरळ.

टायमर वाजल्यावर काहीतरी खायचं. आणि इथे बरेच जण फसतात: अर्धा तास झाला म्हणजे आता झोपायला मोकळे, असं नाही. खाईपर्यंत आडवं व्हायचं नाही, मग तासभर झाला तरी.

सगळ्याच गोळ्या उपाशीपोटी, मग आधी कुठली?

दुकानात सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न. थायरॉईडची अनशापोटी, ॲसिडिटीची पॅन ४० (म्हणजे पॅन्टोप्रॅझोल) अनशापोटी, आता ही पण अनशापोटी. लोक तिन्ही एकदम तोंडात टाकतात आणि मोकळे होतात.

हाडांच्या गोळीच्या दिवशी तिचा नंबर पहिला, आणि एकटीचा. आईचं वेळापत्रक सांगते, तुमच्या डॉक्टरांना दाखवून तुमचं बसवून घ्या. सहाला हाडांची गोळी. साडेसहाला थायरॉईडची, परत साध्या पाण्याबरोबर. सव्वासात-साडेसातला चहा नाश्ता. बाकीच्या सहा दिवशी थायरॉईडची सहाला, नेहमीसारखी. पॅन्टोप्रॅझोल सकाळच्या रांगेतून काढूनच टाकलं, तिचा त्रास रात्रीचा जास्त म्हणून डॉक्टरांना विचारून ते रात्रीच्या जेवणाआधी अर्धा तास केलं, त्यामुळे सकाळची गर्दी पण कमी झाली. ज्यांना सकाळीच लागतं त्यांनी त्या दिवशी हाडांची गोळी आधी, अर्ध्या तासाने पॅन्टोप्रॅझोल, आणि त्यानंतर अर्ध्या तासाने नाश्ता. म्हणजे चहाला एक तास उशीर होतो आठवड्यातून एकदा. चहावाल्या माणसांना हा तास जड जातो हे मला मान्य आहे, आमच्या आईची चिडचिड मी दर बुधवारी ऐकते.

ॲसिडिटीवर जे घेताय ते गोळीला मारतंय का

जेल्युसिल, डायजिन, इनो असलं काहीही गोळीच्या आधी किंवा बरोबर नको. जळजळ होईल या भीतीने आधीच दोन चमचे जेल्युसिल घेऊन ठेवणारे आहेत, त्यातलं ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम गोळीला बांधून टाकतं. कमीत कमी अर्धा तास, जमलं तर दोन तास अंतर ठेवा. "आयुर्वेदिक आहे, त्याने काही होत नाही" म्हणून घेतलेल्या कामदुधाचं पण तेच, त्यात शंख, शुक्ती, प्रवाळ, म्हणजे मुळात कॅल्शियमच. दह्यात गव्हाएवढा चुना खाणारे असतील तर चुना पण कॅल्शियमच. घ्यायचं की नाही हा वेगळा वाद, त्या सकाळी तरी नको. लोहाची गोळी पण नको.

कॅल्शियमच्या गोळीबद्दल जरा सविस्तर, कारण ॲसिडिटीवाल्यांचा इथे दुहेरी घोळ होतो. शेलकॅल ५०० सारखी नेहमीची गोळी कॅल्शियम कार्बोनेटची असते. ती विरघळायला पोटात आम्ल लागतं. आणि तुम्ही तर पॅन, ओमेझ, रझो घेऊन आम्लच बंद केलंय, मग ती नीट लागत नाही, वर पोट फुगतं, ढेकरा येतात, बद्धकोष्ठ होतं, आणि दोष जातो हाडांच्या गोळीला. अशा वेळी कॅल्शियम सायट्रेटवाली गोळी मिळेल का हे डॉक्टरांना विचारा, तिला आम्लाची तेवढी गरज नसते, जेवणाबरोबर घ्या किंवा न घ्या. सायट्रेटमध्ये कॅल्शियमचं प्रमाण कमी असल्यामुळे गोळ्या मोठ्या किंवा जास्त होतात एवढंच. कार्बोनेट घेत असाल तर जेवणाबरोबरच घ्या. कुठलीही असो, एका वेळी ५०० मिलीग्रॅमच्या वर नको, एकदम जास्त घेतलं तर त्यातला कमीच भाग लागतो. थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब. म्हणून आई दुपारच्या जेवणाबरोबर घेते, सकाळच्या भानगडीत पडतच नाही.

दिवसाला सगळं मिळून १००० ते १२०० मिलीग्रॅम लागतं, आणि जेवढं खाण्यातून जाईल तेवढं पोटाला बरं. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ३५० मिलीग्रॅम असतं, दही-ताक आहे, तीळ आहेत, काट्यासकट खाल्लेली छोटी मासळी आहे. नाचणीची आंबील ॲसिडिटीवाल्यांना सहसा बाधत नाही, फार आंबवू नका म्हणजे झालं.

आणि ती व्हिटॅमिन डीची ६०,००० ची सॅशे किंवा कॅप्सूल. आठवड्याला एक, सहसा आठ आठवडे, मग महिन्याला एक किंवा डॉक्टर सांगतील तसं. ती रोज खाल्लेली माणसं मी बघितली आहेत, आणि आठवड्याची सांगितलेली तीन वर्षं न विचारता चालू ठेवलेली पण. रक्तात कॅल्शियम वाढतं, मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ, किडनीवर ताण, आणि माणूस म्हणतो ॲसिडिटी वाढली.

पॅन-ओमेझचं बोलायचं तर, २०१० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) या औषधांवर सूचना घातली की जास्त डोसमध्ये किंवा वर्षाच्या वर घेतल्यास फ्रॅक्चरचा धोका वाढू शकतो. संबंध दिसला आहे, यानेच होतं असं सिद्ध झालेलं नाही. हे वाचून घाबरून उद्यापासून बंद करू नका, अचानक बंद केलं की आम्ल उसळी मारून येतं आणि पहिल्यापेक्षा वाईट जळजळ होते. पण "दहा वर्षांपासून रोज घेतो, कोणी बंद करायला सांगितलं नाही" असं असेल तर विचारायची वेळ झाली आहे: ४० चं २० होईल का, हळूहळू कमी होईल का.

पेनकिलर! ऑस्टिओपोरोसिसवाल्या बायकांचे गुडघे पण दुखत असतात आणि पर्समध्ये डायक्लोफेनॅक किंवा कॉम्बिफ्लाम असतंच. या गोळ्या आणि हाडांची गोळी, दोघी मिळून पोटाची वाट लावतात. साधं पॅरासिटामॉल भागत असेल तर ते. त्या एका दिवशी तरी नक्कीच.

घरच्या घरी जळजळ कमी करायला

नेहमीच्या गोष्टी सगळ्यांना पाठ आहेत, तिखट-तळकट कमी, जेवल्यावर तीन तास झोपू नका, वजन. दोनच सांगते ज्या लोक करत नाहीत. एक, पलंगाचं डोक्याकडचं टोक विटा किंवा लाकडी ठोकळे लावून सहा-आठ इंच उचला. दोन उशा घेऊन उपयोग नाही, त्याने फक्त मान वाकते आणि पोट दुमडतं. झोपताना डाव्या कुशीवर. दोन, परकराची नाडी. आईची नाडी इतकी करकचून बांधलेली असायची की कमरेवर काळा पट्टा पडलेला, साडी सुटेल ही भीती. पोटावर दिवसभर दोरी आवळलेली आणि वर म्हणायचं आंबट पाणी येतं. आता रुंद इलॅस्टिकचा परकर.

आणि ज्यांना पोक आलंय, उंची कमी झाली आहे, त्यांच्यात मणका खचल्यामुळे पोटाला जागाच उरत नाही, आतून दाब वर येतो, ॲसिडिटी त्यानेही वाढते. म्हणजे एका दुखण्याने दुसरं वाढतंय. जेवण थोडं थोडं, चार वेळा.

कधी थांबायचं

पहिल्या काही आठवड्यांत थोडं पोट जड, जरा मळमळ, हे चालतं, बघू शकता. आई कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात लिहिते: गोळी किती वाजता, जळजळ झाली की नाही, किती वेळ. दोन महिन्यांचं कॅलेंडर डॉक्टरांसमोर ठेवलं की "होतो हो त्रास अधूनमधून" यापेक्षा खूप कळतं, त्रास बुधवार-गुरुवारीच आहे की रोजचाच.

पण गिळताना दुखतंय, घास अडकतोय, छातीच्या मधोमध नवीनच दुखायला लागलंय किंवा जुनी जळजळ एकदम वाढली, तर पुढची गोळी घ्यायची नाही, डॉक्टरांना फोन. शी डांबरासारखी काळी किंवा उलटीत रक्त असेल तर वाट न बघता हॉस्पिटल. छातीत दुखणं घामाबरोबर, दम लागून, हातात किंवा जबड्यात जात असेल तर ते गॅसेस समजून ओवा चावत बसू नका, ते हृदयाचं असू शकतं.

पोटाशी संबंध नसलेलं पण लक्षात ठेवायचं: बरीच वर्षं गोळी चालू आहे आणि मांडीत किंवा जांघेत खोलवर दुखतंय, तर सांगा. फार क्वचित मांडीच्या हाडाला वेगळ्याच प्रकारची चीर जाते. तोंडाने घ्यायची गोळी साधारण पाच वर्षं झाली की पुढे चालू ठेवायची की सुट्टी द्यायची हे डॉक्टर ठरवतात, तुम्ही आठवण करा.

सगळं नीट करूनही झेपलं नाही तर

काही जणांना ॲलेंड्रोनेट नाही पण रिसेड्रोनेट ३५ चालून जातं, किंवा महिन्याला एकदाचीच गोळी बरी वाटते. परदेशात असाल, अमेरिकेत वगैरे, तर नाश्त्यानंतर घ्यायचं रिसेड्रोनेट आणि पाण्यात विरघळवून घ्यायचं ॲलेंड्रोनेट पण मिळतं, तिथल्या डॉक्टरांना विचारा, फक्त ते नाश्त्यानंतरचं रिसेड्रोनेट पॅन-ओमेझच्या जातीच्या औषधांबरोबर घेत नाहीत.

अन्ननलिकेचाच त्रास असेल तर माझ्या मते सरळ इंजेक्शन बोला. झोलेड्रोनिक ॲसिड ५ मिलीग्रॅम, वर्षातून एकदा सलाईनमधून, निदान पंधरा मिनिटं हळूहळू. अन्ननलिकेशी संबंधच नाही. आधी क्रिएटिनिन आणि कॅल्शियम बघतात, त्या दिवशी दोन ग्लास पाणी जास्त प्यायचं. पहिल्या वेळी दोन-तीन दिवस ताप, अंग मोडून येणं, फ्लू झाल्यासारखं होऊ शकतं, पॅरासिटामॉलने उतरतं, दुसऱ्या वर्षी सहसा कमी. लोकांना आधी सांगितलेलं नसतं म्हणून घाबरतात.

डेनोसुमॅब ६० मिलीग्रॅम, दर सहा महिन्यांनी कातडीखाली इंजेक्शन. पोटाला त्रास नाही, सोपं आहे, पण यात एक मोठी गोम आहे: हे मध्येच सोडता येत नाही. तारीख लांबवली किंवा बंदच केलं की झीज उसळून येते आणि एकदम दोन-तीन मणके खचू शकतात. बंद करायचंच असेल तर डॉक्टर पाठोपाठ दुसरं औषध देतात. दरवेळी पैसे आणि वेळ जमेल का, पुण्यातून गावी राहायला गेलो तर कोण देईल, हे आधी विचारा. पहिलं इंजेक्शन घेतलं त्याच दिवशी पुढची तारीख मुलाच्या नाही, स्वतःच्या फोनमध्ये टाका.

टेरिपॅराटाइड रोजचं इंजेक्शन, सहसा दोन वर्षांपर्यंत, फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, महाग, साधारण फार ठिसूळ हाडांना किंवा फ्रॅक्चर होऊन गेलेल्यांना देतात. रॅलॉक्सिफेन ही पाळी गेलेल्या बायकांसाठी रोजची गोळी, कधीही घेता येते, अन्ननलिकेला त्रास देत नाही, मणक्याला उपयोग होतो पण खुब्याच्या फ्रॅक्चरला आळा घालते असं दिसलेलं नाही, आणि पायात गुठळी होऊन गेली असेल तर चालत नाही.

गोळी विसरली तर

आठवड्याची विसरली तर लक्षात आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या, आणि पुढची परत तुमच्या ठरलेल्या वारी. एका दिवशी दोन कधीच नाही. दुपारी आठवलं म्हणून जेवणानंतर घ्यायची नाही, सकाळपर्यंत थांबा. महिन्याची विसरली तर पुढची तारीख किती लांब आहे बघा, सात दिवसांहून जास्त असेल तर उद्या सकाळी, सात दिवसांच्या आत असेल तर ठरलेल्या तारखेलाच.

उलटी चूक पण होते. चारची स्ट्रिप बघून चार दिवसांत संपवलेले पेशंट आहेत. तसं झालं तर उलटी काढायची नाही, आडवं व्हायचं नाही, पूर्ण ग्लासभर दूध प्यायचं आणि लगेच डॉक्टरांना गाठायचं. म्हणून मी आता प्रत्येक स्ट्रिपवर मार्करने मोठ्या अक्षरात वार लिहून देते. त्या काकूंच्या उरलेल्या तीन गोळ्यांच्या स्ट्रिपवर पण लिहिला, रविवार, कारण रविवारी त्यांचा मुलगा घरी असतो आणि चहा तोच करतो, अर्धा तास उशिरा.